साडेतीन की पाच

मामाचा लायका एम-३ कॅमेरा माझ्याकडे आला तो बोडकाच. नुसती बॉडी. लेन्स कोकणातल्या पावसाळ्यांनी खाल्ली होती. आतल्या काचेवर बुरशीची अशी जाळी धरली, की मामाने ती केव्हाच काढून टाकली. आता पहिली लेन्स मी घ्यायची, आणि परवडणार एकच. ३५ मिलिमीटरची की ५०ची? (आकडा लहान, तितकं फोटोत जास्त मावतं.)

एसएलआरवाले, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा वापरणारे, लेन्समधूनच बघतात. लेन्स बदलली की समोरचं दिसणंच बदलतं. एम-३ मात्र रेंजफाइंडर. त्याची बघायची खिडकी लेन्सपासून वेगळी, वर कोपऱ्यात. लेन्सचं झाकण काढायचं राहिलं तरी खिडकीतून सगळं झकास दिसत राहतं (मामाने एका मुंजीचा अख्खा रोल असाच कोरा घालवला होता). म्हणजे लेन्स कुठलीही लावा, दिसतं तेच. बदलते ती त्यातली उजळ चौकट. तिच्यात मावेल तेवढंच फोटोत.

चौकटच निवडायची तर आधी लेन्स कशाला हवी? एका जुन्या लग्नपत्रिकेला फिल्मच्या फ्रेमएवढी, ३६ बाय २४ मिलिमीटरची खिडकी कापली. पत्रिका डोळ्यापासून पाच सेंटिमीटरवर धरली की ५०च्या लेन्सएवढं दिसतं, साडेतीनवर धरली की ३५एवढं. शाळेतले समरूप त्रिकोण, दुसरं काही नाही. आठवडाभर एक डोळा मिटून, गालाला पट्टी टेकवून घरभर हिंडलो. आमच्या खोलीत फार तर तीन मीटर मागे सरता येतं. तिथून, चौकट आडवी धरली तर, ५०मध्ये उभी उंची मावते १४४ सेंटिमीटर. म्हणजे आईचे पाय तरी जाणार, नाहीतर डोकं. ३५मध्ये दोन मीटरच्या वर. आई अख्खी मावते.

"डोळा दुखतोय का रे?" तिने विचारलं.

मी पत्रिका तिच्या हातात दिली. पट्टीबिट्टी न लावता तिने ती मागेपुढे करून पाहिली. "लांब धरली की तू एकटा दिसतोस. जवळ आणली की तुझा पसाराही."

मला खरं तर पसाराच हवा होता. पण एम-३च्या खिडकीत चौकटी तीनच: ५०, ९० आणि १३५. पुढे एम-२ला ३५ची चौकट मिळाली, पण मामाने तो घेतला नव्हता. एम-३वर ३५ लावायची तर कॅमेऱ्याच्या डोक्यावर वेगळी खिडकी बसवा, नाहीतर खास याच कॅमेऱ्यासाठी काढलेली चष्मेवाली लेन्स शोधा. तिला खरोखरच दोन भिंगांचा चष्मा असतो, कॅमेऱ्याच्या खिडक्यांपुढे येणारा. दिसते गोड. किंमत ऐकून मात्र मी गप्प बसलो.

शेवटी फोर्टातला बोराबाजार. दुकानदाराने एक जुनी कॅनन काढली, ५० मिलिमीटर, एफ १.८, आट्यांची. मध्ये पातळ रिंग घातली की ती एम-३वर बसते. मी मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून आत मारला. मग पुढच्या. मग पुन्हा मागच्या.

"डॉक्टर आहात का?" त्याने विचारलं.

पहिल्या रोलात आईचे नऊ फोटो आहेत. आठांत तिला पाय नाहीत. नववा मी दार उघडं ठेवून जिन्यातून काढला.