आवाजामागची खोली

गेल्या पावसाळ्यात बाबांची कॅसेट तुटली. फीत डेकमध्ये अडकली आणि मी सोडवायला गेलो तेव्हा हातातच आली. अमेरिकन गायक नॅट किंग कोलचा 'लव्ह इज द थिंग' हा अल्बम तिच्यावर होता. सत्तरच्या दशकाच्या शेवटी बाबा बॅलार्ड पिअरला एका शिपिंग कचेरीत होते, तेव्हा तिथल्या एका गोवेकर सहकाऱ्याच्या एलपीवरून त्यांनी तो भरून घेतला होता. हा सहकारी धोबीतलावला जेर महालमधल्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहायचा आणि शनिवार-रविवारी लग्नांत ट्रम्पेट वाजवायचा. बाबांना इंग्रजी गाण्यांची गोडी त्यानेच लावली. रात्रीचं जेवण झालं की आमच्या घरी पेटीच्या कॅसेटनंतर हीच कॅसेट लागायची, आणि आई भांडी आवरता आवरता त्यातलं पहिलं गाणं गुणगुणायची.

बाबांची पंचाहत्तरी जवळ आली होती. म्हटलं, कॅसेट नाही तर आपण एलपीच देऊ. टर्नटेबल घरात होताच.

पहिली एलपी मागवली ती युरोपातल्या एका लेबलची. पाकीट झकपक, 180 ग्रॅमची जाड तबकडी, वर 'रीमास्टर्ड'चं, म्हणजे जुना आवाज नव्याने सुधारून घेतल्याचं, सोनेरी स्टिकर. बाबांनी पहिलं गाणं पूर्ण ऐकलं, दुसरं अर्ध्यावर थांबवलं.

"अरे, हा माणूस कुठल्या खोलीत उभाय तेच कळत नाही," ते म्हणाले.

मला आधी वाटलं, त्यांना कॅसेटची सवय झाली आहे, त्यामुळे नवं खटकतंय. पण रात्री हेडफोन लावून मी ती कॅसेट डोक्यात आठवत ऐकलं आणि त्यांचं म्हणणं पटलं. आवाज स्वच्छ होता, पण चिकटवल्यासारखा. गायक एकीकडे, व्हायोलिनं दुसरीकडे आणि मध्ये काहीच नाही. तिथून पुढे पाच महिने मी या एका अल्बमच्या मागे होतो.

हा अल्बम 1957 साली आला. रेकॉर्डिंग झालं डिसेंबर 1956 मध्ये, हॉलिवूडच्या कॅपिटॉल टॉवरमध्ये. ती गोल इमारत त्याच वर्षी उभी राहिली होती. संगीत संयोजन गॉर्डन जेन्किन्सचं. इमारतीखाली जमिनीत सुमारे 30 फूट खोल, गुळगुळीत भिंतींच्या खास खोल्या बांधल्या होत्या. स्टुडिओतला आवाज तिथल्या स्पीकरवर वाजवायचा आणि घुमून आलेला आवाज त्याच खोलीतल्या माइकने परत वर आणायचा. पहिल्या गाण्यात कोलच्या 'लव्ह' शब्दामागे जो एक मऊ, लांबत जाणारा पडसाद ऐकू येतो, तो त्या तळघराचा आहे. बाबा ज्या खोलीबद्दल म्हणत होते, ती खरोखरची काँक्रीटची खोली होती!

रेकॉर्डिंग तीन ट्रॅकच्या टेपवर, म्हणजे आवाज तीन वेगळ्या पट्ट्यांत भरून, झालं होतं. अल्बम मात्र दुकानात आधी मोनोमध्ये, म्हणजे सगळा आवाज एकत्र करून, आला, कारण डावा-उजवा आवाज वेगळा ठेवणारी स्टीरिओ एलपी बाजारात यायला 1958 उजाडलं. माझी तबकडी जिथून आली त्या युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क आधी 50 वर्षांचा होता. नंतर तो 70 वर्षांचा झाला, पण जे आधीच मोकळं झालं होतं ते परत बांधलं गेलं नाही. त्यामुळे 1962 पर्यंत प्रसिद्ध झालेलं ध्वनिमुद्रण तिथे कोणीही छापू शकतं, मूळ टेप हातात नसली तरी. समोरची सीडी उचलायची, तिच्यावरून तबकडी कोरायची, जाड छापायची, झालं.

माझ्या तबकडीत नेमकं काय आहे ते पाहायचं ठरवलं. प्री-ॲम्पमधून लॅपटॉपवर पहिलं गाणं भरून घेतलं आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे खालपासून वरपर्यंतचे सूर दाखवणारं चित्र, उघडला. जुन्या टेपची सळसळ असते ती हळूहळू विरळ होत वर जाते. इथे साधारण 16 किलोहर्ट्झला सगळं पट्टीने कापल्यासारखं संपलं होतं, आणि त्यावर होती फक्त सुईची खरखर. फार दाबून लहान केलेल्या एमपी3 फाइलमध्ये नेमकी अशीच कापणी दिसते. म्हणजे 180 ग्रॅम प्लास्टिकवर कोणीतरी एमपी3 फाइल कोरून विकली होती. मी बराच वेळ त्या सरळ रेषेकडे बघत बसलो. फार राग आला. पैशांसाठी नव्हे, त्या तळघरासाठी. कोणीतरी ती खोलीच मधून फेकून दिली होती.

मग एक सीडी मिळाली, दुसऱ्याच कंपनीची, तीही 'रीमास्टर्ड'. ऐकताच वाटलं, अगदी हेच हवं होतं! आवाज जवळ, व्हायोलिनं चमकदार. बाबांनाही पहिल्या मिनिटात आवडली. दोन दिवसांनी लक्षात आलं की ती नुसतीच मोठी आहे. एलपीपेक्षा जवळपास पाच-सहा डेसिबलने मोठी. माणसाच्या कानाला जे मोठं ते चांगलं वाटतं, हा जुना सापळा आहे आणि मी त्यात अलगद पाय घातला होता. दोन्ही फाइली ऑडॅसिटीत सारख्या मोठेपणाला आणल्या, तेव्हा सीडीची चमक उतरली. आवाजाच्या लाटेचं चित्र तर मालगाडीच्या डब्यासारखं सपाट होतं. कोल जिथे हळू गातो आणि जिथे आवाज भरून गातो, त्यातलं अंतरच पुसलं गेलं होतं.

आणि सळसळ काढून टाकली होती. मला वाटतं रीइश्यूंमध्ये, म्हणजे जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्त्यांमध्ये, सर्वांत मोठं नुकसान याच्याने होतं. टेपची सळसळ हा दोष आहे हे खरं, पण पडसादाची शेपूट त्या सळसळीतच विरत असते. मशिनला दोन्हींतला फरक कळत नाही, ते दोन्ही पुसतं. आपल्याकडच्या जुन्या शास्त्रीय रेकॉर्डांच्या सीडी ज्यांनी ऐकल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. तबकडीची खरखर जाते आणि तिच्याबरोबर तानपुराही जातो, आणि गायक उघडा पडतो.

तिसरी सापडली चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर. अमेरिकन स्टीरिओ प्रत, काळं लेबल, कडेने रंगीत पट्टा, कॅपिटॉलचा शिक्का डाव्या बाजूला. 1962 नंतर तो शिक्का वर गेला, म्हणून ही त्याआधीची. बुरशीचे डाग होते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने धुतली, दोनदा. सुई ठेवली आणि बाबा खुर्चीत सरळ झाले. खरखर भरपूर, जोराच्या व्हायोलिनला आवाज फाटत होता, कारण जुन्या जड सुयांनी खाच झिजवलेली. बाजू संपत आली, सुई मध्याकडे गेली की जास्तच. पण तळघर तिथे होतं. कोल श्वास घेतो, ओठ मिटतो, आणि मागे भिंत आहे हे कळतं.

दुकानदाराने त्याच गठ्ठ्यातून गायक फ्रँक सिनात्राचा 1955 चा एक अल्बमही दाखवला, अर्ध्या किमतीत. क्रमांकाआधी डी होता. म्हणजे ड्युओफोनिक, मोनो टेपवरून नंतर बनवलेला खोटा स्टीरिओ, एका बाजूला खर्ज, दुसरीकडे तार आणि दोन्हींत थोडा उशीर. तो घेतला नाही. जुनं म्हणजे चांगलं असंही नसतं.

शेवटी ॲनलॉग प्रॉडक्शन्स या अमेरिकन कंपनीचा 2010 चा रीइश्यू मागवला. स्टीव्ह हॉफमन आणि केव्हिन ग्रे या ध्वनितंत्रज्ञांनी मूळ तीन ट्रॅकच्या टेपवरून केलेला, 45 आरपीएमच्या (मिनिटाला 45 फेरे; साध्या एलपीचे 33) दोन तबकड्या. बाहेरून मागवल्यामुळे कस्टमचे पैसेही लागले, ते मनाची तयारी करून भरले. तबकडी वेगाने फिरली की तीच लाट खाचेत जास्त लांबीवर पसरते, सुईला वळण घ्यायला जागा मिळते, म्हणून मध्याकडे येतानाही आवाज फाटत नाही. त्यासाठी बारा गाणी चार बाजूंवर वाटावी लागतात, बाजूला तीन.

बाबांना मी न सांगता ऐकवायचं ठरवलं. चारही प्रतींतली पहिल्या गाण्याची पहिली दोन मिनिटं, मोठेपणा सारखा केलेला, क्रम चिठ्ठ्या टाकून. बाबा डोळे मिटून बसले, आई स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभी.

पहिल्याला ते म्हणाले, "बंद कर." तो एमपी3 वाला होता. सीडीला म्हणाले, "बरं आहे, पण हा ओरडतोय का? तो कधी ओरडत नाही." चोर बाजारवाली लागली तेव्हा काहीच बोलले नाहीत, फक्त मान हलली. मग 45 ची लागली. व्हायोलिनं उठली, कोलचा आवाज त्यांच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि त्या 'लव्ह'चा 'व्ह' संपल्यावरही खोली कितीतरी वेळ वाजत राहिली.

"ही," आई म्हणाली, बाबांच्या आधी.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. "आणि त्याच्या आधीची पण ठेव हो," ते म्हणाले. "ती आपल्या कॅसेटसारखी आहे."

दोन्ही ठेवल्या आहेत. पंचाहत्तरीच्या दिवशी पाहुणे गेल्यावर बाबांनी 45 च्या चारही बाजू ऐकल्या. तीन गाणी झाली की स्वतः उठायचे, तबकडी उलटायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. चौथी बाजू संपली तसं म्हणाले, "आता याची एक कॅसेट भरून दे."

डेकचा बेल्ट सैल झालाय. शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन नवा आणतो, आणि कोणाकडे साठ मिनिटांची कोरी कॅसेट शिल्लक असेल तर तीही.