उन्हात न दिसलेली काळी पट्टी

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सकाळी, मी एका मुलीच्या रोबोट गाडीत माझा प्रोग्रॅम घातला. ही गोष्ट मला अजून स्वस्थ बसू देत नाही, म्हणून लिहितो आहे.

गेली सहा वर्षे मी सातारा जिल्ह्यातील शाळांमध्ये मुलांना छोटे रोबोट बांधायला आणि ते चालवणारे प्रोग्रॅम लिहायला शिकवतो. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी प्रयोगशाळा उभारायला आणि चालवायला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळत आले आहे आणि त्यातून खोल्या सजल्याही आहेत. परंतु मी पाहिलेल्या कित्येक खोल्यांतील कपाटे कुलूपबंदच असतात. मोटर जळाली तर डेडस्टॉक रजिस्टरमध्ये काय लिहायचे, या धास्तीने शिक्षक सामान बाहेर काढत नाहीत. शंभर रुपयांच्या आतबाहेरच्या मोटरसाठी लाखोंची खोली बंद ठेवणे मला अक्षम्य वाटते.

ज्या शाळेत हे घडले तेथील विज्ञान शिक्षक मात्र तसे नव्हते. त्यांनी कपाट उघडे ठेवले होते, आणि म्हणूनच आठवीतील त्या मुलीने व तिच्या जोडीदाराने रेषेवरून चालणारी गाडी जवळजवळ स्वतःच बांधली होती. पिवळ्या गिअरच्या दोन मोटरी, प्रोग्रॅम चालवणारा आर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड, त्याच्या हुकमाने मोटरींना वीज पुरवणारा एल२९८एन ड्रायव्हर आणि जमिनीकडे तोंड केलेले दोन आयआर म्हणजे इन्फ्रारेड सेन्सर, एवढेच तिचे सामान. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवायला लावतो. दोन मोटरींना लागणारा प्रवाह तिला पेलत नाही. मोटर सुरू होताच व्होल्टेज कोसळते, आर्डुइनो रीसेट होतो आणि मूल बिचारे प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसते. म्हणून आम्ही लिथियमचे दोन सेल जोडतो. ड्रायव्हर त्यातले सुमारे २ व्होल्ट स्वतःच खातो, तरी उरलेल्यावर गाडी नीट पळते. पांढऱ्या फ्लेक्सवरच्या रेषेसाठीही मी मार्कर वापरू देत नाही, कारण डोळ्यांना काळीभोर दिसणारी शाई कधीकधी इन्फ्रारेड किरण परतवते आणि सेन्सरच्या लेखी ती पांढरीच ठरते. वायरमनची काळी टेप सहसा दगा देत नाही.

सेन्सर किरण सोडतो. पांढऱ्या फ्लेक्सवरून ते परततात, काळ्या टेपवरून परतत नाहीत. दोन्ही सेन्सर पांढऱ्यावर असतील तर सरळ जायचे, डाव्याखाली काळे आले तर डावीकडे वळायचे, उजव्याखाली आले तर उजवीकडे. मुलीने यात स्वतःची एक भर घातली होती. गाडीने शेवटचे वळण कोणत्या बाजूला घेतले, हे ती एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममधल्या आठवणीच्या कप्प्यात, साठवत होती, म्हणजे बराच वेळ काळे सापडले नाही तर गाडी त्याच बाजूला वळून रेषा शोधेल. हे मी शिकवले नव्हते. आदल्या दिवशी घाईत तिने मला ते तोंडी सांगितले आणि मी ‘छान’ म्हणून पुढच्या गटाकडे गेलो.

सकाळी हॉलमध्ये गाडी बिनचूक चालली. नंतर पाहुण्यांच्या सोयीसाठी फ्लेक्स व्हरांड्यात हलवण्यात आला आणि साडेदहाच्या सुमारास गाडी दुसऱ्या वळणावर रेषा सोडून सरळ भिंतीकडे जाऊ लागली. पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. मुख्याध्यापक घड्याळ पाहत होते. मी व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर लावला, सेल ठीक होते. ग्राउंडची, म्हणजे सगळ्यांची सामाईक ऋण वायर हलवून पाहिली, तीही घट्ट होती. मग प्रोग्रॅममध्येच दोष आहे असे मी ठरवून टाकले. ती मुलगी दोनदा “सर, जरा बघा ना” म्हणाली आणि दोन्ही वेळा मी तिला “थांब जरा” म्हणालो. लॅपटॉप जोडला आणि माझा वापरातला प्रोग्रॅम अपलोड केला.

गाडी त्याच वळणावर, तशीच, भिंतीकडे गेली.

तेव्हा ती मुलगी फ्लेक्सवर पालथी पडून सेन्सरकडे पाहत होती. या सेन्सरवर एक बारीक दिवा असतो. खाली पांढरे असले की तो लागतो, काळे आले की विझतो. वळणावर उन्हाची तिरीप आली होती आणि तिथे टेपवर ठेवूनही दिवा विझत नव्हता. तिने वही आडवी धरून सावली केली, दिवा विझला. वही काढली, दिवा लागला. “सर, उन्हात हिला काळी पट्टी दिसंना झालीय,” ती म्हणाली. सूर्यप्रकाशातही इन्फ्रारेड असते आणि ते सेन्सरला झाकोळून टाकते, हे मी स्वतः दरवर्षी फळ्यावर लिहितो.

मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तिने दोन्ही सेन्सरभोवती जमिनीपासून जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर राहील असा घेर चिकटवला. गाडी वळण घेऊन पुढे गेली.

मी तिचा प्रोग्रॅम परत घालायला निघालो, तेव्हा चूक ध्यानात आली. आर्डुइनोत एकदा नवा प्रोग्रॅम घातला की जुना पुसला जातो, आणि बोर्डमधून मूळ लिखाण परत काढता येत नाही. तिची फाइल प्रयोगशाळेतील संगणकावर होती, खोलीला कुलूप होते आणि किल्ली असलेले शिक्षक पाहुण्यांना आणायला फाट्यावर गेले होते. ते आले ते पाहुण्यांसोबतच.

प्रमुख पाहुण्यांनी गाडी पाहिली, पुठ्ठ्याबद्दल विचारले आणि मग म्हणाले, “प्रोग्रॅम कोणी लिहिला?” मुख्याध्यापक अभिमानाने म्हणाले, “मुलांनीच.” मुलीने माझ्याकडे पाहिले. मी काहीच बोललो नाही. खरे सांगायला एक वाक्य पुरले असते, की हा प्रोग्रॅम माझा आहे, हिचा याहून चांगला आहे आणि तो मी न वाचताच पुसला. आपण बोललो तर तिचेच कौतुक कमी होईल, असे त्या क्षणी मनाशी म्हणालो; आज ते कारण मला पटत नाही.

सामान आवरताना मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “असू दे सर, फाइल आहे की,” आणि पुठ्ठ्याचा सैल झालेला कोपरा दाबत राहिली. दुसऱ्या दिवशी मी शिक्षकांना फोन करून ती फाइल मागवून घेतली. वळण लक्षात ठेवणाऱ्या त्या ओळी मी वाचल्या आहेत. एका जागी अट उलटी पडली आहे असे मला वाटते, पण या वेळी मी ती दुरुस्त केलेली नाही. परीक्षा संपल्यावर शाळेत जाईन तेव्हा तिच्याच हातून गाडी चालवून पाहायची आहे.