बिजागरीमागचा ग्रॅनाइट अखेर ताब्यात आला

कामाडोच्या, म्हणजे जाड झाकणाच्या सिरॅमिक शेगडीच्या, डोमचा काटा ३५० अंशांवर, बाभळीचा कोळसा पूर्ण फुललेला, आतल्या भाजायच्या दगडावर नान फुगताहेत आणि बिजागरीमागची ओट्याच्या ग्रॅनाइटची कड ६८ अंशांवर थांबलेली! मागच्या नोंदीत हीच कड ११८ अंशांपर्यंत तापत होती, हे ज्यांना आठवतंय, त्यांना माझा आनंद वेगळा सांगायला नको. तो नान खलियासोबत (मटणाचा रस्सा) घरच्यांनी संपवलासुद्धा.

मांडणी तीच आहे. विटांचा ओटा, वर २० मिलिमीटरचा काळा ग्रॅनाइट, १८ इंची कामाडो फायर ब्रिकच्या (भट्टीच्या उष्णतारोधक विटांच्या) तळावर आणि भोवती ५ सेंटिमीटरची मोकळी फट. पुढची आणि बाजूची कड कधीच तापली नाही. त्रास फक्त मागे होता. नेमकं तिथेच बिजागरीसाठी खाच कापलेली असल्यामुळे दगडाची पट्टी सर्वांत अरुंद आहे. खाचेचे आतले कोपरे गोल करून घेतलेत, कारण तडा बहुधा काटकोनातूनच सुरू होतो. तरी एवढ्या अरुंद पट्टीची एक बाजू ११८ आणि दुसरी ४५ असेल, तर दगडावर ताण येणारच.

पहिला संशय झाकणाच्या कडेला हवा अडवणाऱ्या फेल्टच्या पट्टीवर होता. झाकणात कागदाची पट्टी धरून सगळीकडून ओढून पाहिली, कुठेही सैल नाही. मग बिजागरीचे लोखंडी पट्टे तपासले. ते तापतात, पण दगडाला कुठेही टेकत नाहीत. मग इथल्या बऱ्याच जणांनी सुचवलेला उपाय केला, मागच्या अर्ध्या फटीत सिरॅमिक वूलचं (उष्णतारोधक तंतूंचं) ब्लँकेट भरलं. कड आणखी तापली! ब्लँकेट १२६० अंश सोसणारं आहे, त्याला काही झालं नाही. पण प्रश्न ते टिकण्याचा नव्हताच, उष्णता जाणार कुठे हा होता. शिवाय ते पावसाचं पाणी पितं आणि त्याचे तंतू घशात जातात, हाताळताना मास्क लागतोच. ओट्याच्या उघड्या फटीत वूल भरू नका, हे माझं ठाम मत झालंय.

उत्तर गवंडीमामांकडून आलं. मामांनी आयुष्यभर गुऱ्हाळांची चुलवाणं बांधलीत. फटीवर हात धरून म्हणाले, "खालून हवेला वाट ठेवा की. वरून काहून बुजवायलात?"

तेव्हा सगळं जुळलं. पुढे राखेच्या दारासाठी विटांत तोंड ठेवलंय, तिथून गार हवा आत येते आणि पुढची फट थंड राहते. बाकी तिन्ही बाजू बंद. कामाडोच्या पोटामागे हवा कोंडून तापत होती आणि वर चढताना दगडाची कड खालून भाजत होती. म्हणजे दगड डोमच्या झळीने नाही, ओट्याच्या पोकळीतल्या हवेने तापत होता. मागच्या भिंतीच्या तळाशी विटा काढून सिमेंटची जाळी बसवली, वूल उपसून टाकलं आणि मागच्या पट्टीखाली कॅल्शियम सिलिकेटचा उष्णतारोधक बोर्ड लावला. जाळीसमोर उदबत्ती धरली तर धूर सरळ आत ओढला जातो. मामांनी तो पाहिला आणि पुढच्या कामाला निघून गेले.

मोजणाऱ्यांसाठी एक सूचना: चकचकीत स्टीलवर इन्फ्रारेड गन फार कमी आकडा दाखवते. तिथे उष्णतारोधक काळ्या रंगाचा ठिपका देऊन मगच मोजा. आणि माझे ६८ संध्याकाळचे आहेत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर असतो, तेव्हा काळा दगड उन्हानेच चटका देतो, कोळसा पेटवायच्या आधी. ओट्यावर सावली हवीच.

दगडाबद्दल विचारणाऱ्यांना: कडाप्पा नको, त्याचे पापुद्रे सुटतात. कृत्रिम क्वार्ट्‌झ तर अजिबात नको, त्यातल्या राळेला दीडशे अंशांच्या आसपासच धोका सुरू होतो. काळा ग्रॅनाइट मला आवडतो. त्यात क्वार्ट्‌झ कमी असल्यामुळे तो उष्णतेला तुलनेने शांतपणे घेतो. आणि फायर ब्रिक, बोर्ड हे सामान शहरातल्या शोरूममध्ये शोधत बसू नका. जालन्याला जा. तिथल्या पोलाद कारखान्यांच्या भट्ट्यांना हेच लागतं, त्यामुळे दुकानदाराला अ‍ॅल्युमिनाचं प्रमाण विचारलं तरी तो गोंधळत नाही.

पुढचा बेत ग्रॅनाइटचे चार तुकडे करून मध्ये ५ मिलिमीटरचे सांधे सोडण्याचा होता. पण हे लिहिताना वाटतंय, मागची अरुंद पट्टी ग्रॅनाइटची असायलाच कशाला हवी? तेवढी काढून तिथे रिफ्रॅक्टरी कॅस्टेबलची (भट्टीसाठीच्या उष्णतारोधक काँक्रीटची) अर्धी कडी ओतली तर? खाच साच्यातच येईल, कापायची गरज नाही. बाकी दगडाशी एक सांधा सोडला की दोघं आपापले फुगायला मोकळे. कॅस्टेबल पाणी शोषतं ही अडचण आहे, म्हणून वरून बाहेरच्या बाजूला उतार आणि पावसाळ्यात झाकण.

चार तुकड्यांचा बेत रद्द! या आठवड्यात पत्र्याचा साचा वाकवून घेतो. ओतल्यावर एक दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायचं, नंतर मंद आचेवर १०० अंशांच्या आसपास रेंगाळत वाळवायचं, नाहीतर आतल्या वाफेने टवके उडतील. कोणी इतकी अरुंद कडी ओतली असेल तर जाडी किती ठेवली ते सांगा. मी ५० मिलिमीटर धरून चाललोय.