आमची वाटचाल : एका फॉग मशीनपासून

स्टेजवरच्या स्पेशल इफेक्टचं काम सुरू केलं तेव्हा आमच्याकडे एक सेकंडहँड फॉग मशीन आणि दोन स्ट्रोब म्हणजे लखलखणारे दिवे, बाकी नुसता उत्साह. मी आणि पार्टनर, दोघंच. नाटकात भूत यायचं असलं की धूर सोडा, गायकाची एन्ट्री असली की धूर सोडा, संपलं काम. लोकांच्या तोंडून "वा!" निघालं की तो स्पेशल इफेक्ट, एवढीच आमची व्याख्या.

कायद्याची व्याख्या वेगळी असते हे कळलं इन्शुरन्सचा फॉर्म भरताना. पायरोटेक्निक, म्हणजे दारूसारखं जळणारं मिश्रण भरलेलं काही वापरता का, असा प्रश्न होता, पार्टनर म्हणाला नाही लिही, आपण कुठे फटाके उडवतो. तेवढ्यात मी स्टेजवर लावायच्या ठिणग्यांच्या कारंजाचं खोकं उलटं करून पाहिलं तर खाली १.४जी छापलेलं. आता हा पहिला १ म्हणजे स्फोटक पदार्थांचा वर्ग, आणि हे खोकं आम्ही कितीतरी दिवस कॉस्च्युमच्या पेट्यांवर ठेवून फिरवत होतो!

मग वाचायला बसलो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तर 'स्पेशल इफेक्ट्स' म्हणजे सिनेमा, टीव्ही, नाटकासाठी वापरलेली, आत पायरोटेक्निक मिश्रण असलेली वस्तू. म्हणजे आमचा धूर त्यात बसतच नाही, कॉम्प्युटरवरचे इफेक्ट तर नाहीच नाही, पण ते छोटंसं कारंजं बसतं. युरोपात स्टेजच्या मालाचे टी१ आणि टी२ असे दोन गट आहेत, टी२ फक्त ट्रेनिंग घेतलेल्या माणसानेच वापरायचा. नियम जागोजागी बदलतात पण प्रश्न एकच, आत जळतंय काय. म्हणून आता कुणी ठिणग्या उडवणारं मशीन दाखवून "कोल्ड पायरो आहे हो, काही होत नाही" म्हणालं की मला हसू येतं. त्यात टायटॅनियम, झिर्कोनियमचे कण तापून उडतात, नाव कोल्ड ठेवलं म्हणून ती पूड थंड होत नाही, आणि ती पेटली तर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीचंच एक्स्टिंग्विशर.

पण आम्हाला खरी अद्दल घडवली ती आगीने नाही, बर्फाने. एका नृत्यनाटिकेला ढग हवे होते म्हणून ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड आणला, स्टेजखाली गरम पाण्याचा ड्रम ठेवला आणि एका पोराला तिथे बसवलं, इशारा झाला की टोपली बुडवायची. उणे ७८ डिग्रीचा माल म्हणून त्याला जाड हातमोजे दिले आणि आम्ही स्वतःवर खूश. इंटरव्हलला पोरगा बाहेर आला तो धापा टाकत, डोकं गच्च धरून, "दादा, खाली कोंडल्यासारखं होतंय." दिसतो तो धूर म्हणजे नुसते पाण्याचे थेंब, खरा धोका न दिसणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा, किलोभर ड्राय आइसमधून ५०० लिटरच्या वर गॅस निघतो आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खालीच साचतो, ढग विरले तरी हा तिथेच. आणि आम्ही माणूस बसवला होता बरोब्बर सगळ्यात खाली. पोरगा मोकळ्या हवेत सावरला, पण दुसऱ्या अंकात ढग आलेच नाहीत, दिग्दर्शकाच्या शिव्या खाल्ल्या. तेव्हापासून खाली गुडघ्याच्या उंचीवर हा गॅस मोजणारा मीटर टांगलेला असतो, ५००० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५००० भाग) बीप, पंखा सुरू आणि एकट्याला खाली पाठवायचं नाही. २०२० मध्ये मॉस्कोत एका पार्टीत स्विमिंग पूलमध्ये ड्राय आइस ओतला आणि तिघं गेले, ती बातमी मी टीमच्या ग्रुपवर टाकली, खाली काहीच लिहिलं नाही.

क्लायंटशी वाद होतो तो बहुतेक वेळा सजावटीवरून. २००३ साली ऱ्होड आयलंडच्या एका क्लबमध्ये अशाच कारंजाच्या ठिणग्यांनी भिंतीवरचा फोम पेटला, १०० माणसं गेली. २०१३ ला ब्राझीलमध्ये सांता मारियाला बाहेर उडवायचा माल आत लावला, २४२. म्हणून पडद्याचा, फोमचा एक तुकडा मी बाहेर नेऊन लायटर लावून बघतो, भराभर पेटला तर ठिणगी कॅन्सल, मग कुणी कितीही रुसू दे.

(आणि धुरामुळे अलार्म वाजतो म्हणून डिटेक्टरला पिशवी बांधणारे महाभाग अजून भेटतात, त्यांच्याशी मी वादसुद्धा घालत नाही, सामान परत गाडीत.)

आता आम्ही सहा जण आहोत. अंतर अमेरिकेच्या एनएफपीए ११२६ या आगीपासूनच्या सुरक्षेच्या नियमावलीप्रमाणे ठेवतो, प्रेक्षक किमान १५ फूट लांब, किंवा ठिणग्या जिथवर पडतात त्याच्या दुप्पट, जे जास्त असेल ते. जमिनीवर लाल टेप लागते. इफेक्ट उडवायचं बटण त्याच्याच हातात ज्याला अख्खं स्टेज दिसतं. परवा टेस्टच्या वेळी मी फोनवर बोलत बोलत टेपच्या आत गेलो, तर बटण पार्टनरकडे होतं, त्याने माईकवरूनच सगळ्यांसमोर मला बाहेर काढलं.