तुम्ही विचारलंत म्हणून : लिस्बनच्या बाजारातली जुनी टाइल

पोर्तुगालला निघालेला माणूस आधी खाण्याबद्दल विचारतो. त्याचं उत्तर सोपं आहे. त्यानंतर ठरलेला प्रश्न येतो: "तिथल्या त्या निळ्या-पांढऱ्या जुन्या टाइल्स स्वस्तात कुठे मिळतात? एक-दोन आणायच्यात, दिवाणखान्यात लावायला." लिस्बनला काम्पू द सांता क्लारावर मंगळवारी आणि शनिवारी फेइरा दा लाद्रा हा जुना बाजार भरतो आणि तिथे चादरीवर मांडलेल्या अझुलेजू, म्हणजे याच टाइल्स, मिळतात, हे विचारणाऱ्याला बहुतेक वेळा माहीत असतंच. माझ्याकडून त्याला फक्त भाव हवा असतो. मी भाव सांगत नाही. त्यावर "एवढं काय त्यात, एक टाइल तर आहे" असं ऐकून घ्यावं लागतं. त्यात काय आहे, ते एकदाचं सगळं सांगते.

बाजारातल्या बहुतेक सुट्या टाइल्स एकोणिसाव्या शतकातल्या घरांच्या दर्शनी भिंतींवरच्या असतात. साधारण 14 सेंटिमीटर चौरस, स्टेन्सिल ठेवून रंगवलेल्या. त्यांची नक्षी सहसा चार टाइल्स जुळल्या की पुरी होते. एका टाइलवर फुलाचा पाव भाग असतो, म्हणून एकटी टाइल हातात घेतली की ती अपुरीच दिसते. पाव्हणे तिलाच 'अॅब्स्ट्रॅक्ट' म्हणून फ्रेम करतात.

आता ती भिंतीवरून निघते कशी ते बघा. टाइल चुन्यात बसवलेली असते. चुना टाइलपेक्षा मऊ, त्यामुळे सांध्यात छिन्नी घालून हलकेच उचकटलं तर टाइल अखंड सुटू शकते. सिमेंटमधली टाइल अशी सुटत नाही, फुटते. म्हणजे जुन्या गवंड्याने चांगलं काम केलं, तेच चोराच्या पथ्यावर पडलं. रिकामं पडलेलं घर किंवा दुरुस्तीसाठी परांची बांधून जाळी टाकलेलं घर बघायचं, खालच्या मजल्यावर हाताला येतील त्या ओळींपासून सुरुवात करायची. पहिली टाइल काढताना छिन्नीला शिरायला जागा नसते, म्हणून ती बहुधा फुटते. शेजारच्यांचे कोपरे उडतात. कोपरा उडालेली टाइल विकली जात नाही, ती तिथेच रस्त्यावर पडते. बाजारात तुम्हाला दिसते ती यातून वाचलेली धड टाइल. तिच्यामागे किती फुटल्या ते चादरीवर दिसत नाही.

पण खरं नुकसान यानंतर सुरू होतं, आणि त्यासाठीच मी एवढी भांडते. त्या टाइल्स नुसत्या शोभेच्या नाहीत. अटलांटिकवरून येणारा पाऊस झिलईवरून वाहून जावा आणि भिंत कोरडी राहावी, हे त्यांचं काम. जिथे टाइल्स निघाल्या तिथून पाणी थेट चुन्यात जातं. वरच्या ओळींचा आधार सुटतो, मागचा चुना भुसभुशीत होतो, आणि ज्यांना कुणी हात लावलेला नाही त्या टाइल्स पोकळ वाजायला लागतात. बोटाच्या पेराने ठोकलं की आवाजात फरक कळतो. मग घरमालक घाबरून गवंडी बोलावतो आणि गवंडी ती भोकं सिमेंटने बुजवतो. इथे भिंतीचा घात होतो. भिंतीतली ओल झिलईतून बाहेर पडू शकत नाही, ती चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडत होती. सिमेंटने ती वाट बंद होते, वर सिमेंट स्वतःचे क्षार आणतं. ओल टाइलच्या सच्छिद्र मातीत शिरते, सुकताना क्षारांचे स्फटिक झिलईच्या लगेच खाली धरतात, आणि झिलई पापुद्र्यासारखी सुटते. आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो तोच हा प्रकार, फक्त इथे तो चित्रच उडवून नेतो. उडालेली झिलई भिंतीवर पुन्हा भाजता येत नाही.

नवी नक्कल करून बसवायची म्हटली तर तेही सरळ नाही. जुन्या टाइलचा साचा घेतला तर माती वाळताना आणि भाजताना आकसते, आणि नक्कल काही मिलिमीटरने लहान निघते. साचा तेवढा मोठा धरावा लागतो. जुना पांढरा रंग खरं तर पांढरा नसतो, कुठे निळसर, कुठे दुधाळ. आजच्या तयार झिलईची टाइल शेजारी बसवली की ठिगळ लांबूनही दिसतं. म्हणून पोर्तू शहराच्या नगरपालिकेने 'बांकू द मातेरियाइश' चालवलं आहे. पाडलेल्या घरांच्या टाइल्स तिथे गोळा करतात आणि ज्याच्या भिंतीतून त्याच नमुन्याच्या टाइल्स गेल्या आहेत त्याला त्या दुरुस्तीसाठी देतात. सुट्या टाइलला जाण्यासारखी जागा असेल तर ती ही आहे. तिच्या नमुन्याची भिंत कुठेतरी अजून उभी असते.

यावर "पण ती आधीच निघालेली आहे, मी नाही घेतली तर दुसरा घेईल" असं मला ऐकवतात. पूर्वी मी म्हणायचे, पावती देणाऱ्या पुराणवस्तूंच्या दुकानातून घ्या, म्हणजे झालं. त्यात तथ्य आहे. घरं खरोखर पाडली गेली, त्यांच्या टाइल्स रीतसर विकल्या गेल्या, आणि त्या विकणारे सगळे चोर नव्हेत. शिवाय कचऱ्याच्या गाडीत जाण्यापेक्षा कुणाच्या घरात गेलेली बरी, हे मलाही पटतं. पण पावतीवर दुकानाचं नाव असतं, भिंतीचं नसतं. ती टाइल कुठल्या रस्त्यावरच्या घराची, हे सांगणारा दुकानदार विरळा. चोऱ्या इतक्या वाढल्या होत्या की 2007 मध्ये तिथल्या गुन्हे-अन्वेषण पोलिसांच्या संग्रहालयाने 'एसओएस अझुलेजू' हा प्रकल्प सुरू केला, आणि चोरीला गेलेल्या चित्रपट्ट्यांचे, म्हणजे अनेक टाइल्स जोडून केलेल्या चित्रांचे, फोटो लोकांसमोर ठेवले. 2017 पासून देशभर कायदा आहे: टाइल्स लावलेली दर्शनी भिंत पाडायला किंवा त्यावरच्या टाइल्स काढायला, त्यांना वारसा म्हणून मोल नाही किंवा अगदीच थोडं आहे हे पटल्याशिवाय नगरपालिकेने परवानगी द्यायची नाही. मागणी मात्र कायद्याने थांबत नाही. ती तुमच्या-माझ्या बॅगेतून जाते.

टाइल हवीच असेल तर नवी, हाताने रंगवलेली घ्या. सांताना आणि व्हियुवा लामेगू हे कारखाने अनुक्रमे 1741 आणि 1849 पासूनचे, आणि लहान कार्यशाळाही पुष्कळ आहेत. काम कसं होतं ते कळलं की अस्सल ओळखता येते. एकदा भाजलेल्या मातीच्या टाइलवर कथिलाची पांढरी झिलई ओततात. पाणी लगेच शोषलं जातं आणि वर खडूच्या भुकटीसारखा थर उरतो. त्या थराला तेलकट बोट लागलं की भट्टीत तेवढ्या जागेवरून झिलई मागे सरते आणि तिथे माती उघडी पडते. चित्र पातळ कागदावर काढून रेघांवर सुईने भोकं पाडतात आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटतात, भरतकामाचं डिझाइन उतरवताना आपण टोचलेल्या बटर पेपरवर नीळ फिरवतो तसं. मग कुंचला. भुकटी रंग क्षणात ओढून घेते, म्हणून रेघ खोडता येत नाही, हात थबकला की तिथे डाग. आणि रंगवताना कोबाल्ट मळकट दिसतो, निळा तो भट्टीत होतो, साधारण हजार अंशांच्या आसपास. रंगवणाऱ्याला छटा डोळ्याने नाही, पाण्याच्या प्रमाणाने ठरवावी लागते. दाट लावला तर काळपट येतो आणि कडेने पसरतो.

म्हणून दुकानात टाइल तिरपी धरून उजेडात बघा. हाताच्या रेघेत सुरुवातीला रंग गडद आणि शेवटी फिका असतो, झिलईत तो मुरलेला असतो. भिंगाखाली बारीक ठिपके दिसले तर छापील. दोन टाइल्स शेजारी ठेवा, तंतोतंत सारख्या असल्या तर तीही छापील. घरी लावताना भिंतीला ओल असेल तर आधी ओल काढा. बसवण्यापूर्वी टाइल पाण्यात भिजवा, नाहीतर ती चुन्यातलं पाणी ओढते आणि पकड बसत नाही. आणि फरशी धुवायचं अॅसिड तिच्या आसपास नेऊ नका, चुन्याचे सांधे ते खाऊन टाकतं.

नुसती बघायची असेल तर जागेवर बघा. लिस्बनच्या अझुलेजू संग्रहालयात 1755 च्या भूकंपाआधीच्या शहराचं सुमारे 23 मीटर लांबीचं चित्र आहे. तेव्हाचे वाडे आणि धक्के कसे होते, हे आज त्यावरून कळतं. पोर्तूच्या साँव बेंतू स्टेशनात जॉर्ज कोलासू या चित्रकाराच्या सुमारे 20,000 टाइल्स आहेत. आणि त्याच कोलासूचं 1935 चं काम पणजीला, इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशद्वारात आहे. तिकिटाचे पैसे न घालता बघता येतं, आणि गोव्याला दरवर्षी जाणारे त्याच्यासमोरून सरळ निघून जातात, याचं मला वाईट वाटतं.

ज्यांनी जुनी टाइल आधीच आणली आहे त्यांच्यासाठी एवढंच. मागचा चुना खरवडू नका, ती कुठल्या भिंतीची हे ठरवायला तोच पुरावा आहे. एपॉक्सीने चिकटवू नका, कडांना आकडे लावून टांगा, म्हणजे काढता येईल. दोन्ही बाजूंचे फोटो, मापं, कुठून घेतली आणि केव्हा, हे लिहून ठेवा. ती चित्रपट्टीचा तुकडा असेल आणि मागे अक्षर-आकडा असेल तर 'एसओएस अझुलेजू'च्या चोरीच्या यादीतल्या फोटोंशी ताडून बघा. जुळली तर त्यांना कळवा. साध्या नक्षीची, कुठल्याच यादीत नसलेली टाइल मात्र परत पाठवावी की ठेवावी, यावर माझं मन अजून एक होत नाही.