टोमॅटोची छाटणी : वाढीचा प्रकार कोणी सांगेना

बांबू रोवणे, तार ताणणे आणि झाडे सुतळीने वर बांधणे ही कामे सुरळीत पार पडली. त्यांबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही.

मी अडलो तो बगलफुटींपाशी. पानाच्या बेचक्यातून निघणारे फुटवे काढून टाका, असे जो तो सांगत होता. परंतु तुमचा वाण सतत वाढणारा आहे की मर्यादित वाढीचा, हा पहिला प्रश्न कोणीच विचारत नव्हते. रोपांसोबत मिळालेल्या कागदावर फळाचा रंग, वजन, टिकाऊपणा असे सारे काही छापले होते, नेमका वाढीचा प्रकार तेवढा नव्हता. याची चीड मला अजूनही आहे, कारण मर्यादित वाढीच्या झाडाला बरीचशी फळे बाजूच्या फांद्यांवरच लागतात आणि तेथे सरसकट छाटणी केली की उत्पादन घटते. उलट सतत वाढणारे झाड तसेच सोडले तर पसारा दाटतो, आतली पाने ओली राहतात आणि करपा, म्हणजे पाने डागाळून वाळवणारा बुरशीचा रोग, बळावतो. माझी विचारपूस संपेपर्यंत फुटवे थोडेच थांबणार होते!

अखेर मी झाडेच निरखली. सतत वाढणाऱ्या वाणात दोन घोसांमध्ये साधारणपणे तीन पाने असतात. मर्यादित वाढीच्या वाणात ती एक-दोनच असतात आणि पुढे शेंड्यालाच घोस येऊन वाढ थांबते. आमच्या झाडांवर घोसाघोसांत तीन पाने दिसली, तेव्हा कुठे मी फुटव्यांना हात लावला. ती मर्यादित वाढीची निघाली असती, तर पहिल्या घोसाखालचे फुटवे तेवढे काढून मी थांबलो असतो.

मुख्य खोड आणि पहिल्या घोसाच्या लगेच खालचा जोमदार फुटवा असे दोनच दांडे ठेवले. बाकीचे फुटवे ५ ते ८ सेंटीमीटरचे असतानाच, दव सुकल्यावर, बोटांनी मोडावेत. जाड झाल्यावर कापल्यास जखम मोठी होते. तंबाखू मळलेल्या हातांनी तर झाडाला शिवूच नये, त्यातून मोझॅकचा, म्हणजे पानांवर फिकट-गडद चट्टे पाडणाऱ्या रोगाचा, विषाणू पसरू शकतो, आणि रोगट झाडे सर्वांत शेवटी हाताळावीत. बांधणीचे एक सांगायचे राहिले : खोड पुढे जाड होते, म्हणून सुतळीचा फास इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आणि सैल ठेवावा.

फळांची संख्या कमी भरली, पण आकार चांगला मिळाला. मातीला टेकणारी खालची पाने काढली, तरी घोसांवर सावली धरणारी पाने मात्र मी कोणालाही तोडू दिली नाहीत. उघडी पडलेली फळे उन्हाने भाजतात.