यादीत आहे, पण सापडत नाही

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याचा डेटाबेस आमच्याकडे देखभालीला आहे. डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस, आवृत्ती १३. त्यात सभासद, ऊसनोंदी, तोडणी-वाहतूक, वजनकाटा, बिलं असं सगळंच. गाळप सुरू असताना कारखाना चोवीस तास चालतो, म्हणून फोनही चोवीस तास चालू ठेवावा लागतो. २०२३ च्या जानेवारीतली गोष्ट. हंगाम ऐन भरात होता.

त्याआधी थोडे दिवस कारखान्याचं नेटवर्क सांभाळणाऱ्या ठेकेदाराने मुख्य सर्व्हर उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या १८.०४ वरून २०.०४ आवृत्तीवर नेला होता. १८.०४ चा नेहमीचा सपोर्ट त्याच वर्षी मे महिन्यात संपणार होता आणि ऑडिटरने शेरा मारला होता, त्यामुळे कारण रास्तच होतं. पोस्टग्रेसची आवृत्ती तीच ठेवली, डेटाची डिरेक्टरी जिथल्या तिथे. सर्व्हर उठला, काटा चालू झाला, पावत्या छापू लागल्या. लॉगमध्ये एरर नाही. आम्हाला 'अपग्रेड झालं, सगळं ओके' असा मेल आला.

मग काट्यावरून फोन. "साहेब, गडी हितं ट्रॉली घेऊन उभा हाय, तोडणीची चिठ्ठी हातात हाय, आणि कॉम्प्युटर म्हणतोय असा सभासदच न्हाई." मी लांबून लॉगिन केलं. गाव निवडून यादी उघडली तर त्यात तो माणूस व्यवस्थित होता, नाव, कोड, बँक खातं सगळ्यासकट. तोच कोड शोधाच्या चौकटीत टाकला की 'नोंद आढळली नाही'.

अशा वेळी पहिला संशय कोडच्या मागेपुढे चिकटलेल्या स्पेसवर जातो. तोही तपासला, अक्षरन् अक्षर. स्पेस नव्हती. "मग तुम्ही ट्रॉली रिकामी कशी केली?" असं विचारल्यावर काट्यावरचे मामा सहज म्हणाले, "नवीन सभासद म्हणून घातला की. मागल्या पंधरवड्यापास्नं असंच चाललंय."

इथे मात्र माझी झोप उडाली. सभासद कोडवर युनिक इंडेक्स आहे. इंडेक्स म्हणजे नोंद पटकन सापडावी म्हणून क्रमाने लावलेली सूची. एक कोड दुसऱ्यांदा घ्यायचाच नाही, एवढ्यासाठीच तो आहे. आणि डेटाबेसने तो निमूट घेतला होता.

त्याचे परिणाम नुसते तांत्रिक नव्हते. जुन्या नोंदीला विकास सोसायटीचं पीककर्ज जोडलेलं असतं आणि त्याची वसुली ऊसबिलातून होते. नव्या कोऱ्या नोंदीला काहीच जोडलेलं नाही, म्हणजे पूर्ण रक्कम शेतकऱ्याच्या खात्यात. एका पंधरवड्याचं बिल तर निघूनही गेलं होतं. पुढचं थांबवावं, तर ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. चिफ अकौंटंट साहेबांचा आवाज फोनवर बारीक झाला होता.

सत्रापुरता इंडेक्सचा वापर बंद करून तोच कोड पुन्हा शोधला. म्हणजे पोस्टग्रेसने अख्खं टेबल पहिल्या ओळीपासून चाळायचं. सभासद ताबडतोब हजर, आणि एकदा नव्हे, दोनदा. डेटा जागेवर होता, बिघडला होता इंडेक्स. डिस्क खराब झाली असेल म्हणून तिची तपासणी केली, कर्नलचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे संदेश पाहिले. सगळं स्वच्छ. मग अ‍ॅमचेक चालवलं. पोस्टग्रेससोबतच मिळणारं हे एक्स्टेंशन इंडेक्समधल्या नोंदी क्रमाने आहेत का ते पडताळतं. काही इंडेक्सवर 'क्रम मोडला आहे' असा एरर आला. गंमत अशी की त्यातला एकही आकड्यांच्या कॉलमवरचा नव्हता. सगळे मजकुराच्या कॉलमवरचे. डिस्क मरताना आकडे आणि अक्षरं असा भेद करत नाही.

उलगडा केला तो दुसऱ्या सर्व्हरने. कारखान्याच्या शहरातल्या ऑफिसात एक प्रतिकृती सर्व्हर आहे, मुख्य सर्व्हरवरचा बदल बाइट न् बाइट तसाच तिथे उतरतो. तो अजून १८.०४ वरच होता. तिथे तोच कोड शोधला, आणि तो सापडला. तोच इंडेक्स, त्याच पानांवर तेच बाइट, आणि उत्तर वेगळं! उलट, अपग्रेडनंतर खरोखरच नव्याने नोंदवलेले काही सभासद मुख्य सर्व्हरवर सापडत होते आणि प्रतिकृतीवर नाही. या धंद्यात बरीच वर्षं काढली, पण असं आरशातलं उलटं चित्र मी पहिल्यांदाच पाहिलं.

उबुंटूवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या एपीटीच्या इतिहासात बघितलं तर जीलिबसी २.२७ वरून २.३१ वर गेलं होतं. जीलिबसी म्हणजे लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्रॅम ज्या तयार कोडवर उभे असतात ती मूळ सी लायब्ररी. कोणती अक्षरं आधी, कोणती नंतर, हे पोस्टग्रेस या लायब्ररीलाच विचारतं, निदान नेहमीच्या मांडणीत तरी. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या २.२८ मध्ये क्रमाचे हे नियम नव्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बदलले. तपासायला दोन ओळी पुरतात: '1-1' आणि '11' या सॉर्ट या कमांडला क्रम लावायला द्यायच्या. जुन्या यंत्रावर आधी 11 येतं, नव्यावर आधी 1-1. पूर्वी मधल्या डॅशकडे पहिल्या फेरीत बघितलंच जात नव्हतं, आता बघितलं जातं.

आणि आमचे सभासद कोड? गाव क्रमांक, डॅश, सभासद क्रमांक. जुन्या हिशेबात 1-11 आणि 11-1 दोन्ही '111' म्हणून शेजारी शेजारी बसले होते. नव्या हिशेबात एक नंबर गावाचे सगळे आधी आणि अकरा नंबरचे सगळे नंतर. मराठी कोशांत क्ष आणि ज्ञ कुठे क आणि ज मध्ये असतात, कुठे पार शेवटी. एका पद्धतीने लावलेला कोश दुसऱ्या पद्धतीने उघडला, तर 'क्षमा' त्यात नाहीच असं वाटेल. बी-ट्री इंडेक्सचं तसंच झालं. वरच्या पानापासून 'लहान की मोठा' असं विचारत खाली उतरताना शोध भलत्याच पानावर पोचत होता. नवी नोंद घालतानाही डुप्लिकेट आहे का हे तो त्याच भलत्या पानावर बघत होता, तिथे अर्थातच काही नव्हतं. काही कोड नशिबाने बरोबर पानावर जात होते, म्हणून तक्रारी तुरळक आणि एकमेकींशी मेळ नसलेल्या.

हा प्रकार पोस्टग्रेसच्या जगात नवा नाही, त्यांच्या विकीवर सविस्तर पान आहे. पण आवृत्ती १३ डेटाबेसच्या मूळ कोलेशनची, म्हणजे अक्षरक्रमाच्या नियमांची, आवृत्ती नोंदवून ठेवत नाही, त्यामुळे इशारा द्यायला तिच्याकडे काही नव्हतं. १५ पासून तो मिळतो. सगळ्या डेटाचा डम्प काढून, म्हणजे तो फाइलमध्ये उतरवून, नव्याने भरला असता तरी वाचलो असतो, कारण भरताना इंडेक्स नव्याने बांधले जातात. डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी ठेवणं हा सगळ्यात सुरक्षित मार्ग वाटतो, आणि इथे नेमका तोच नडला.

दुरुस्ती कागदावर एका शब्दाची: रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधणं. आधी काटा कागदी पावत्यांवर घेतला, बॅकअप घेतला आणि चालवलं. युनिक इंडेक्स बांधायला पोस्टग्रेसने साफ नकार दिला, कारण आता डुप्लिकेट होतेच. ते शोधताना इंडेक्स बंद ठेवूनच शोधावे लागतात, नाहीतर मोडक्या इंडेक्सचीच साक्ष काढल्यासारखं होतं. बिलं आणि पावत्या सभासदाच्या कोडला नव्हे तर आतल्या आकडी आयडीला जोडलेल्या होत्या, म्हणून दोन नोंदी एकत्र करणं जमण्यासारखं होतं.

पण एकत्र करायच्या की नाही, हे क्वेरी सांगू शकत नव्हती. बहुतेक जोड्या एकाच माणसाच्या होत्या. काही मात्र नव्हत्या: गट ऑफिसमधल्या क्लार्कने शोधून पाहिलं, कोड 'मोकळा' दिसला आणि त्याने तो दुसऱ्याच शेतकऱ्याला देऊन टाकला. मग शेती अधिकारी शेजारी बसले. वडील वारल्यावर मुलाच्या नावाने झालेली नोंद कोणती, एकाच नावाचे दोन चुलतभाऊ कोणते, खोडव्याची नोंद कुणाची आणि आडसालीची कुणाची, हे त्यांना तोंडपाठ होतं. मी फक्त टाइप करत होतो. पहाटेपर्यंत इंडेक्स बांधले गेले, अ‍ॅमचेकने तोंड उघडलं नाही, आणि कागदी पावत्या आत जाऊ लागल्या.

रीइंडेक्स झाल्यावर प्रतिकृतीवरही नव्या क्रमाचे इंडेक्स गेले, म्हणजे आता जुन्या सिस्टिमवरची ती पूर्ण बिनभरवशाची. तिच्यावरचे रिपोर्ट बंद करून तीही २०.०४ वर नेली. कोडच्या कॉलमना 'सी' कोलेशन लावून टाकलं. त्यात नुसत्या बाइटची तुलना होते, कुठल्या भाषेचा कुठला नियम बदलला याच्याशी घेणंदेणं नाही. गावांची आणि माणसांची नावं तशीच ठेवली, तिथे अक्षरक्रम लागतोच.

जास्त गेलेली रक्कम पुढच्या बिलातून वळती करायचं ठरलं. त्यावर एका सभासदाने शेती ऑफिसात लेखी अर्ज दिला: माझी दोन्ही खाती तशीच चालू ठेवावीत, दुसऱ्या खात्याचा व्यवहार मला सोयीचा आहे. सोसायटीची वसुली त्या खात्यावर होत नाही, हे आमच्या आधी त्याच्या लक्षात आलं होतं. अर्जावर आवक क्रमांक पडला, आणि खाली शेरा: नामंजूर.